सरांच्या पुस्तकाचं चामडं

१९ एप्रिल २०१६, नांदेड

सर,

एवढी वर्षं तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. तुम्ही निवृत्त होऊन मुदखेडला राहायला गेलात तेव्हा पत्ता माझ्याजवळ होता, पोस्टकार्डं टेबलाच्या खणात होती आणि सांगायचं तेही होतंच. आता तुम्ही हे जग सोडून एकोणीस वर्षं झाल्यावर लिहायला बसले आहे. दुपारचे तीन वाजलेत, खिडक्यांना ओली चादर लावली आहे आणि आतल्या खोलीत बाबा झोपलेत. मी डायरी लिहिते, कॉलेजपासून. तिच्यात तुम्ही पुष्कळदा आला आहात, पण नेहमी दुरून: सर असे होते, सर असं म्हणायचे. तुमच्याकडे तोंड करून एकदाही लिहिलेलं नाही.

बाबा फेब्रुवारीपासून माझ्याकडे आहेत. आपल्या निलंग्याला नळाचा पत्ता नाही, लातूरला तर रेल्वेने पाणी आणायची वेळ आली आहे. इथे नांदेडला गोदावरी आटली असली तरी चार-पाच दिवसांनी का होईना नळ सुटतो. ब्याऐंशीचे झालेत. कापडाचं दुकान कधीच बंद केलं, पण कुणी पाहुणा आला की अजून त्याच्या सदऱ्याचं कापड दोन बोटांत धरून बघतात. गेल्या आठवड्यात जेवताना त्यांनी एकदम विचारलं, "मुदखेड हितून किती लांब हाय?"

मी म्हटलं, "अर्धा-पाऊण तास. का?"

"सरांच्या बाईंला भेटून येऊ म्हणलं एक दिवस."

"आता कशाला? ऊन किती आहे."

"ऊन तर हायच. माझं काय चुकलं तेवढं इचारायचंय त्यांला. सर त्यांच्यापाशी बोलले असतील की कायतरी." मग भाकरी तशीच हातात धरून म्हणाले, "माणूस नऊ-धा वर्षं रोज सांजच्याला येऊन बसतंय अन् एक दिवस यायचं थांबतंय. उगी थांबत असतंय का कुणी? माझ्याच तोंडून कायतरी गेलं असंल."

तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. मी रोज काहीतरी सांगते. गाडीचा भरवसा नाही, बाई मुलाकडे गेल्या असतील, पाऊस पडला की जाऊ. आणि ते रोज आठवत बसतात. परवा म्हणाले, "कपाचं तर नसंल? पर त्यांला-मला कपबशा एकाच जोडातल्या असायच्या." काल त्यांना वाटलं, सापडलं. कधीतरी तुम्ही दुकानाच्या पायऱ्या चढून आलात आणि बाबा लुगड्याच्या गिऱ्हाइकात गुंतले होते, उठून उभे राहिले नाहीत. "तेच आसंल बघ. उठायला पायजे हुतं मी," असं म्हणाले, आणि मी, सर, त्यांना तसं वाटू दिलं.

तुम्हाला त्यांचं काय चुकलं असं वाटलं, ते मला ठाऊक आहे. ज्यांना वाटलं ते तुम्ही, आणि ज्यांनी केलं असं वाटलं ते बाबा; यांच्यामध्ये चौतीस वर्षं मी बसून आहे. ते पुस्तक आठवतं ना तुम्हाला? असं विचारणंही निलाजरेपणाचं आहे, तरी विचारते.

बहात्तरच्या दुष्काळात बोअरिंगची यंत्रं घेऊन परदेशातून एक इंजिनियर आला होता, आणि देगलूरपासून निलंग्यापर्यंत गावोगाव तुम्ही त्याचे दुभाषे होता. तेलुगू तुमच्या घरचं, मराठी नि कानडी तुम्ही गावांतून उचललेलं, इंग्रजी शाळेतलं. जाताना त्याने तुम्हाला स्वतःचं पुस्तक दिलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढायला दुसऱ्याच देशातून गेलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याचं चरित्र. तांबूस तपकिरी चामड्याची बांधणी, पाठीवर उभारलेल्या आडव्या पट्ट्या, तिन्ही कडांना सोनेरी मुलामा, आत खुणेची रेशमी फीत. संग्रहासाठी मोजक्याच प्रती काढतात तसलं पुस्तक, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की ते उघडताना तुम्ही आधी हात धुता. पहिल्या कोऱ्या पानावर इंजिनियरने शाईने लिहिलं होतं: ज्याच्या तोंडून मी या गावांशी बोललो, त्याला.

त्या अधिकाऱ्याला तुम्ही 'आपला कवायतवाला' म्हणायचात. फाटक्या, उपाशी सैनिकांना त्याने बर्फात उभं करून रांगेत चालायला शिकवलं. त्याला त्यांची भाषा येत नव्हती, तेव्हा शिव्यासुद्धा दुभाष्याकडून द्यायचा. हे सांगताना तुम्ही दोन्ही भूमिका करायचात आणि सगळा वर्ग हसून लोळायचा. त्याची ओळख करून देताना त्याचा हुद्दा फुगवून सांगितला होता, हेही तुम्ही लपवलं नाही. "खोट्या चिठ्ठीवर आला, पण काम खरं केला," असं म्हणायचात. 'केलं'च्या जागी 'केला' आलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची, आणि तुम्ही म्हणायचात, "हसा रे. तोही असाच बोलायचा."

आमच्या दुकानात तुम्ही रोज संध्याकाळी यायचात. बाबांच्या शेजारी गादीवर बसून दोघं एकच वर्तमानपत्र अर्धं अर्धं वाचायचात. गावात तुम्हाला खोली मिळायला वर्ष गेलं होतं, आणि शेवटी ती बाबांच्या शब्दावर मिळाली, हे मला आईने सांगितलेलं. का मिळत नव्हती ते कुणी सांगितलं नाही, पण तुम्हीच एकदा वर्गात म्हणाला होता: "माझे वडील मोटा शिवायचे. दुष्काळात विहिरी आटल्या की मोट कोरडी वर यायची. कोरडं कातडं तडकतं. मग त्याला कोण विचारतं, आणि शिवणाऱ्याला कोण विचारतं?" आम्हा लिंगायतांमध्ये एका चांभार संताची, शरणाची गोष्ट सांगतात, ज्याने आणि ज्याच्या बायकोने गुरूच्या जोड्यासाठी स्वतःच्या मांडीचं कातडं काढून दिलं. बाबांनी ती तुम्हाला दुकानात सांगितली तेव्हा मी तिथेच पाटीवर गणितं करत होते. बाबांचे डोळे भरून आले होते. तुम्ही बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवलात.

लातूर जिल्हा झाला ते वर्ष. शाळेच्या कागदांवर 'जि. उस्मानाबाद' खोडून शाईने 'लातूर' लिहायचं काम आम्हा नववीच्या मुलींकडे होतं. नव्या जिल्ह्याची पहिली वक्तृत्व स्पर्धा लातूरला भरणार होती. तुम्ही माझं नाव दिलंत, विषय दिलात कवायतवाल्याचा, आणि दसऱ्याच्या सुट्टीआधी पुस्तक माझ्या हातात दिलंत. "घरी ने. दोन महिने ठेव. पहिल्या पानापासून वाच, मधून नको." तुमची एवढी मोठी वस्तू मला मिळाली म्हणून मी दसऱ्याला ती घरातल्या पुस्तकांच्या पूजेत सगळ्यात वर मांडली. बाबा एकेका पुस्तकाला विभूती लावत आले. तुमच्या पुस्तकावर त्यांची बोटं थांबली.

"हे वरचं कशाचं हाय?"

त्यांना कापड कळत होतं. जे कापड नाही तेही कळत होतं. रागावले नाहीत. पुस्तक उचलून त्यांनी दुकानाच्या फळीवर ठेवलं, हात धुतले, पूजा पुरी केली. जेवणं झाल्यावर मला बोलावलं. दुकानामागे आमच्या दोनच खोल्या, अभ्यास देवघराच्या खोलीत, सोमवारी जंगमस्वामी पूजेला येणार. "चामडं देवापाशी राहू द्यायचं न्हाई, हे घरचं जुनं हाय. माझ्यानं मोडत न्हाई," ते म्हणाले. "कापड चढवून घेऊ वरचं काढून. पर पुस्तक सरांचं हाय. आधी त्यांला इचारून ये. न्हाई म्हणले तर दुकानातच ठिवू, तू हितं गादीवर बसून वाच."

हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, सर, कारण यातला प्रत्येक शब्द तुमच्यापर्यंत पोचायला हवा होता.

मी आले होते. तुम्ही खोलीबाहेरच्या ओट्यावर बसून आरी घेऊन स्वतःच्या चपलेचा अंगठा शिवत होता. हात किती सराईत चालत होता. मला पाहून म्हणालात, "काय अम्मा, कवायतवाला कुठवर आला?" मी म्हटलं, "बर्फापर्यंत." "मग तर खरी मजा आता," म्हणालात, आणि हसलात. मी ओट्याशी उभी. जिभेवर एवढंच होतं: सर, तुमच्या पुस्तकाचं कातडं आमच्या घरात चालत नाही. तुमच्या मांडीवर चप्पल, हातात आरी. मी म्हटलं, "येते सर," आणि परत फिरले. बाबा दारातच होते.

"काय म्हणले?"

"हो म्हणले."

"वाईट तर न्हाई वाटलं त्यांला?"

"न्हाई. हसले."

तुम्ही हसला होता, हे खरं होतं. खोटं बोलताना मी त्यात एक खरी गोष्ट घातली. हे मी चौदाव्या वर्षी कुठे शिकले, अजून कळलेलं नाही.

बाबांनी कापड निवडायला अर्धा तास घेतला. तागे काढून काढून चामड्याच्या रंगाच्या जवळचं जाड, तांबूस कापड शोधलं, उजेडात नेऊन पाहिलं. "सरांच्या पुस्तकाला हलकं नको." ते घेऊन मी एकटी बाइंडर चाचांकडे गेले. त्यांच्याकडे नव्या कचेऱ्यांच्या रजिस्टरांचे ढीग लागले होते. लहानशा जागेत ते, पुस्तकं दाबायचा शिकंजा, खळीचं पातेलं आणि कापायचं यंत्र. पुस्तक हातात घेतल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "ये जिल्द उतारने की है क्या बेटी? किनार पे सोना है. मास्टरसाब कू पूछे?"

"हाव. पूछे."

"फिर हमारा क्या जाता," ते म्हणाले, पण बोलले मनाविरुद्ध. आणि मग त्यांनी ते रजिस्टर बांधतात तसंच बांधलं, कारण त्यांचं काम तेच होतं. पुठ्ठ्यांसोबत पहिली-शेवटची कोरी पानं गेली. नवी शिवण घातली की कडा वरखाली होतात, म्हणून तिन्ही बाजूंनी यंत्रावर सारखी केली. चार दिवसांनी मी आणायला गेले तेव्हा पुस्तक चौकोनी, स्वच्छ, पांढऱ्या कडांचं होतं. मी विचारलं, "पहिलं पान?" चाचा म्हणाले, "वो तो जिल्द के साथ जाताइच." सोनेरी कातरणांचा खच यंत्राखाली पडला होता. मी तिथे रडले असते तर निदान कुणीतरी काही विचारलं असतं.

पुढचे दीड महिने तुम्ही रोज दुकानात येत होता आणि पुस्तक आतल्या खोलीत होतं. बाबांना वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला काही ठाऊक नव्हतं. दोघं वर्तमानपत्र वाचताना तुमच्यापैकी एकाने जरी विषय काढला तर, म्हणून मी दाराआड उभी राहायची. कुणी काढला नाही. बाबांच्या मनात तो संपलेला विषय होता.

स्पर्धेच्या दिवशी लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "पुस्तक काढ अम्मा, हातात धरून बोल. लोकांना दिसू दे." मी पिशवीतून काढलं. तुम्ही ते घेतलं. अंगठा कडेवरून फिरवलात, वरच्या, मग बाजूच्या. पहिलं पान उघडलंत, ते नव्हतंच. मग कापडावर तळवा ठेवलात. त्या ताग्यासमोर तुम्ही कितीतरी संध्याकाळी बसला होता, तुम्ही ते ओळखलंत.

"वडिलांनी करून घेतलं?"

मी म्हटलं, "हाव."

तुम्ही पुस्तक मला परत दिलंत. "कापड चांगलं आहे," म्हणालात. रिक्षांची, कंडक्टरांची ओरड चालली होती, आणि तुम्ही मला विचारत होता की भाषणाची सुरुवात पाठ आहे ना.

मी बोलले, सर. परक्या ठिकाणी जन्मलेला माणूस आपला कसा होतो यावर आठ मिनिटं बोलले, आणि माझा दुसरा नंबर आला. तुम्ही शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. येताना बसमध्ये जागा रिकाम्या असूनही पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसलात. उतरताना मी पुस्तक तुमच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दुकानात आला नाहीत.

बाबांनी किती दिवस वर्तमानपत्राचं अर्धं पान वेगळं काढून ठेवलं ते मी मोजलं नाही. दोनदा त्यांनी मला विचारलं, सरांना बरं नाही का. मी म्हटलं, शाळेत काम लई हाय. एकदा ते स्वतः तुमच्या खोलीवर आले होते, हे तुम्हाला ठाऊकच असेल. परत येऊन आईला म्हणाले, "बसा म्हणले, च्या दिला. पर बोलले न्हाईत." त्यांनी पुस्तकाचा विषय काढला नसणार, आणि तुम्ही तर काढणार नव्हताच.

माझ्याशी मात्र तुम्ही कधी वाकडं वागला नाहीत. दहावीला तुम्ही रोज तासभर जास्त शिकवलंत. निकालाच्या दिवशी इंग्रजी शब्दकोश दिलात, आणि हसतच म्हणालात, "घे. पुठ्ठ्याचा आहे. घरात चालेल."

त्या वेळी मी बोलू शकत होते. तुम्ही दार उघडून दिलं होतं, कडवटपणे का होईना. मी वाकून नमस्कार केला आणि शब्दकोश घेऊन घरी आले. बाबांनी तो पूजेत मांडला.

आता मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. फाटकी पुस्तकं बांधायला देताना चिठ्ठीवर लाल शाईने लिहिते: कडा कापू नयेत, कोरी पानं काढू नयेत. माझ्या हाताखालच्या बाई म्हणतात, "मॅडम, किती वेळा लिहिता, त्याला पाठ झालंय आता." मागच्या वर्षी जुन्या पुस्तकांच्या एका यादीत तसलीच प्रत दिसली. तेच चामडं, त्याच पट्ट्या, फीतसुद्धा. मागवावी आणि तुमच्या बाईंना नेऊन द्यावी असं दोन दिवस मनात होतं. मग वाटलं, त्यातलं पहिलं पान कोरं असणार. ते कोरं पान बाईंच्या पुढे धरून मी काय बोलणार होते?

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते मी तुमच्यासाठी केलं. तुमच्या हातात आरी होती, तुम्हाला लागू नये म्हणून बोलले नाही. यात थोडं खरं असेलही. पण बाबा जे विचारायला सांगत होते ते विचारणं म्हणजे तुमच्यावर विश्वास ठेवणं होतं. तुम्ही कदाचित म्हणाला असता, "दुकानात ठेवा की, त्यात काय." कदाचित तुम्हाला लागलं असतं, आणि तुम्ही संध्याकाळी येऊन बाबांना ती चांभार शरणाची गोष्ट परत सांगायला लावली असती. घरचं जुनं त्यांच्यानं मोडत नव्हतं, पण तुमच्या तोंडून ऐकल्यावर मोडलंही असतं. मला माहीत नाही. त्यांच्या हातून जे चुकत होतं ते तुमच्यापुढे येऊ द्यायला ते तयार होते. मीच येऊ दिलं नाही. बाबा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. आज मी तेवढी आहे, आणि त्यांनी तेव्हा दाखवली तेवढी हिंमत माझ्यात अजून नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं, हेही मला कळतं. तुमच्याजवळ कबूल करणं सोपं आहे. तुम्ही मान वर करून बघणार नाही. ज्यांनी ऐकायला हवं ते आतल्या खोलीत आहेत, आणि त्यांनी ऐकलं तर पहिला प्रश्न विचारतील की मग इतकी वर्षं मी बघत कशी बसले.

एक गोष्ट उरली, ती सांगून थांबते. आज सकाळी बाबा चहा घेताना अडले. म्हणाले, "ते गाव कोणतं ग, सर ऱ्हायले होते ते? हितून जवळच हाय बघ. त्वांडात येतंय अन् जातंय." हल्ली त्यांचं असं होतं, गेल्या महिन्यात धाकट्या काकांचं नाव गेलं ते आलंच नाही. मी कपात बघत राहिले. ते दोन-तीन गावं म्हणून बघत होते, धर्माबाद, उमरी, भोकर, आणि प्रत्येकाला मान हलवत होते. मला बरं वाटलं, सर. मी गावाचं नाव सांगितलं नाही. कप विसळायला उठून गेले.

उद्या: बाबांचा चहा झाला की त्यांच्यासमोर बसून मुदखेडचं नाव सांगणे, आणि मग दसऱ्याचं सगळं.